खालची ओळ

फोन वाजला तेव्हा मास्तर जिन्याच्या वळणावर उभे होते. उभे होते म्हणजे दम खात होते. पण वरून-खालून कोणी आलंच, तर बाहेर काहीतरी बघतोय असं वाटावं म्हणून त्यांनी तोंड खिडकीकडे केलं होतं. खिडकीतून बघण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या इमारतीची मागची भिंत, तिच्यावरून उतरलेले पाण्याचे नळ, आणि एका नळाला कोणीतरी कधीतरी बांधलेली आणि मग कोणीच न सोडलेली दोरी. "काका, मी प्रयोगशाळेतून बोलतेय," पलीकडून एका तरुण बाईचा आवाज आला. आवाज आनंदात होता. "तुमचे तुकडे छान वाढलेत. बघायला येता का?" मास्तरांनी हातातली बटाट्यांची पिशवी खाली ठेवली. एक बटाटा बाहेर पडला आणि पायरी पायरी उतरत खाली गेला. तो कुठेतरी थांबेपर्यंत मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. दवाखान्यात त्यांच्या बरगड्यांमधून नळी घालून फुफ्फुसाचा एक लहानसा तुकडा काढला होता, आजार कोणता ते बघण्यासाठी. आजार कळला. उरलेला तुकडा प्रयोगशाळेला द्याल का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं आणि शाळेतले जुने तक्ते धाकट्या शाळेला देताना म्हणत तसं मास्तर म्हणाले होते, "न्या, न्या, कोणाच्या तरी उपयोगी पडेल." त्यानंतर त्यांनी त्याचा विचार केला नव्हता. केला असलाच तर शाळेच्या कपाटातल्या बरणीसारखा, जिच्यात एक बेडूक वर्षानुवर्षं डोळे मिटून बसलेला असे. तो तुकडा जिवंत असेल, खात-पीत असेल, वाढत असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. "येतो," ते म्हणाले. आणि मग, मुलांबद्दल पालकांना विचारावं तसं, "त्रास देत नाहीत ना?"

"कोणाचा फोन होता?" बायकोने दार उघडता उघडता विचारलं. जिन्यातला आवाज तिला घरात ऐकू येई. मास्तरांचा दमही ऐकू येई, पण तो ऐकू येतो हे तिने कधी म्हटलं नव्हतं. "प्रयोगशाळेतून. माझे तुकडे वाढलेत म्हणे." तिने पिशवी हातातून घेतली. "तरीच म्हटलं, घरात खाल्लेलं तुमच्या अंगाला का लागत नाही. सगळं तिकडे जातंय." मास्तर हसले आणि हसता हसता खोकले, आणि खोकता खोकता त्यांना वाटलं, आता या क्षणी तिकडे, त्या कुठल्याशा खोलीत, काय चाललं असेल? खोकला तिथे पोचतो का? हा प्रश्न इतका वेडा होता की त्यांनी तो पाण्याबरोबर गिळून टाकला. पण गिळलेला प्रश्न बटाट्यासारखा पायरी पायरी उतरत कुठेतरी आत जाऊन थांबला, आणि तो थांबल्याचं त्यांना कळलं.

प्रयोगशाळेच्या इमारतीत नव्या चपलांच्या दुकानात येतो तसा रबराचा वास होता. बाई दारातच उभी होती. केसांत पेन्सिल खोचलेली, बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. वयाने ती त्यांच्या शेवटच्या तुकडीतल्या मुलींएवढी असेल. तिने त्यांच्या बुटांवर निळ्या पिशव्या चढवायला लावल्या आणि त्या चढवताना ते वाकले, तेव्हा दम लागला म्हणून तिने स्वतःच वाकून दुसरी पिशवी चढवली. खोलीत एक पेटी होती, कपड्यांच्या छोट्या कपाटाएवढी. "आत अंगाइतकी ऊब असते," बाई म्हणाली, "कोंबडी अंड्यांवर बसते ना, तसं." तिने एक तबकडी काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि शेजारच्या पडद्यावर चित्र उमटलं. रबराचे दोन बारीक खांब, आणि त्यांच्यामध्ये ताणून बसवलेला, झोपाळ्यासारखा, धुरकट पांढरा एक पट्टा. खालून हवेने ती सगळी जागाच हळूहळू ताणली जात होती आणि सैल पडत होती. पट्टा लांबत होता, आखडत होता. लांबत होता, आखडत होता. "हा मी?" मास्तरांनी विचारलं. "तुमचा," बाई म्हणाली. "तुमच्या पेशी घेतल्या, त्यांना जेलीसारख्या पदार्थात राहायला जागा दिली. त्यांनी आपापसात हात धरले आणि हा पट्टा केला. निरोगी पट्टा खांबांना हलकेच धरून असतो. वण पडलेला पट्टा खांबांना ओढतो. आणि ओढतच राहतो. खांब किती वाकले ते आम्ही मोजतो, बास. आणि हे जे वरखाली होतंय ना, तो श्वास आहे. मशीनचा. म्हणजे त्यांना वाटावं की ते छातीतच आहेत."

"त्यांना वाटतं?"

बाईने सरकलेली बाही पुन्हा वर केली. "तसं म्हणतो आम्ही."

आजार काय आहे ते मास्तरांना ठाऊक होतं. ते त्यांनी स्वतःला, आणि मग बायकोला, वर्गात समजवावं तसं समजावलं होतं. गुडघा फुटतो, खपली धरते, खपलीखाली शरीर शिवणकाम करतं आणि वण राहतो. वण म्हणजे ठिगळ. ठिगळ मजबूत असतं, पण मूळ कापडासारखं लवत नाही. आता असा एक शिंपी मनात आणा, जो कापड कुठेच फाटलेलं नसताना शिवत बसलाय. ठिगळावर ठिगळ. त्याला थांब म्हणून सांगणारं कोणी नाही. सदरा घट्ट होत चाललाय आणि शिंपी मान खाली घालून शिवतोच आहे. "म्हणजे तुमच्यासारखाच," बायको म्हणाली होती, "सुटी झाल्याची घंटा ऐकू येत नाही." आता त्या पडद्याकडे बघताना मास्तरांना शिंपी दिसला. त्याला चेहरा नव्हता, हात नव्हते, होतं ते नुसतं ओढणं. तबकडीत असे पट्टे दोन ओळींत होते. वरच्या ओळीतले खांब जवळजवळ सरळ होते. खालच्या ओळीतले एकमेकांकडे झुकलेले होते, कानात काही सांगायला झुकावं तसे. "वरच्या ओळीला नवं औषध देतोय," बाई म्हणाली. "तुमच्या पेशींवर ते इतकं छान चालतंय ना, काका! म्हणून तर फोन केला." "आणि खालच्या ओळीला?" "खालच्या ओळीला नुसतं पाणी आणि खाऊ. औषध नाही." "कारण दोन्हींना दिलं तर..." "हो ना, मग औषधाने झालं की आपोआपच झालं, ते कळणार कसं?" वाक्य तिने पूर्ण केलं, पण ते मास्तरांचं वाक्य होतं. जन्मभर ते त्यांनीच फळ्यापाशी उभं राहून म्हटलं होतं. "खालच्या ओळीचं पुढे काय होतं?" त्यांनी विचारलं. बाईने पेन्सिल केसांतून काढली आणि परत खोचली. "ओढत राहतात. इथे आम्ही सगळं लवकर घडवून आणतो, त्यांना तसा इशारा देतो, म्हणून शरीरात ज्याला वर्षं लागतील ते इथे काही आठवड्यांत दिसतं. म्हणजे अगदी तसंच होईल असं नाही हं काका, सरळ गणित नसतं ते. मग शेवटी एखादा पट्टा खांबावरून सुटतो. त्याचा गोळा होतो." "मग?" "मग त्याचा उपयोग नसतो."

परतीच्या बसमध्ये त्यांच्या लक्षात आलं की आपण त्या मशीनच्या तालात श्वास घेतोय. लांबणं, आखडणं. त्यांनी मुद्दाम ताल मोडला, एक श्वास अर्धवट सोडला, एक धरून ठेवला. पण जरा लक्ष दुसरीकडे गेलं, पुढच्या बाकावरच्या माणसाच्या मानेवरचा तीळ बघण्यात किंवा दुकानांच्या पाट्या वाचण्यात, की श्वास आपला निमूटपणे त्या रांगेत जाऊन उभा राही. घरी आरामखुर्चीत बसल्यावरही तेच. "अहो," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "असे काय श्वास घेताय, कोणीतरी मोजून दिल्यासारखे?" दोन-तीन दिवसांनी दुपारी ताट बाजूला करून ते उठले, आणि मध्येच, काहीही कारण नसताना, श्वास थांबला. कोंडला नाही, अडकला नाही. थांबला, पंखा बंद करावा तसा. घर फार शांत झालं. बायकोच्या हातातली वाटी त्यांना दिसत होती, तिच्यावरचा पाण्याचा थेंब दिसत होता. मग श्वास परत सुरू झाला. संध्याकाळी, उगाच वेगळंच काही विचारतोय असं दाखवत त्यांनी बाईला फोन केला आणि बोलता बोलता विचारलं, दुपारी मशीन चालूच असतं का? "नाही, आज थांबवलं होतं ना थोडा वेळ, फोटो काढायला," ती म्हणाली. "जेवण झाल्यावर. का हो?" "सहज." बायकोने हे सगळं ऐकलं होतं. "दुपारी जेवल्यावर सगळ्यांचंच थांबतं," ती म्हणाली. "माझा तर मेंदूही थांबतो. त्यासाठी मशीन लागत नाही." पण त्या दिवसापासून ती दुपारी त्यांच्या समोर बसू लागली, हातात काहीतरी काम घेऊन, आणि काम करता करता त्यांच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाकडे बघू लागली. ते बटण वर आलं की तिची नजर खाली जाई.

आता त्यांना छातीत ते दोन खांब जाणवत. एक डाव्या कुशीत, एक मधल्या हाडाशी. आणि मध्ये पट्टा. हे खरं नाही, हे त्यांना कळत होतं; छातीत खांब नसतात. ज्या गोष्टी खऱ्या नसूनही समजायला सोप्या पडतात अशा गोष्टी मुलांना सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं: पृथ्वीच्या पोटातून जाणारी काठी, रक्तातले शिपाई, तारेतून पळणाऱ्या मुंग्या. मुलं त्या खऱ्या मानत. मोठेपणी ती विसरत, पण काठी कुठेतरी राहत असणारच. तसे हे खांब राहिले. जिना चढताना ते झुकत. अंथरुणावर पडलं की थोडे सरळ होत. आणि कधी कधी काहीच न करता, पेपर वाचताना, ते झुकत, आणि मास्तरांच्या मनात येई, मी नाही ओढलं. तो ओढतोय, पेटीतला. तो माझ्यापुढे आहे. मी ज्या रस्त्याने जाणार आहे त्या रस्त्यावर तो काही वर्षं पुढे चालतोय आणि त्याला हे कोणी सांगितलेलं नाही. हा शेवटचा विचार त्यांचा नव्हता. तो कोणाचा होता ते आठवायला त्यांना दोन दिवस लागले.

दर वर्षी ते एक प्रयोग करत. दोन मातीच्या वाट्या, दोन्हींत घेवड्याचं बी. एक वाटी खिडकीत, एक कपाटात. दोन्हींना सारखंच पाणी. मग ठरलेल्या दिवशी सगळा वर्ग कपाटासमोर जमा होई, मागचे बाकांवर चढत, आणि मास्तर जादूगारासारखं दार उघडत. आत तो असे: लांबच लांब, पांढुरका, मान दाराच्या फटीकडे वळवलेला. मुलं "ईऽ" करत, आणि त्या "ई"मध्ये जे काही कळायचं असतं ते कळून जाई, पुस्तक लागत नसे. एका वर्षी मास्तरांनी दार उघडलं आणि आतलं रोप हिरवंगार होतं. मुलं हसायला लागली, सर, प्रयोग बिघडला, सर, तुम्ही नापास! तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी रडायला लागली. ती बारा महिने लोकरीची टोपी घाली, म्हणून सगळे तिला टोपी म्हणत. मधल्या सुटीत सगळे बाहेर खेळत तेव्हा ती रोज वर्गात येऊन कपाटाचं दार उघडून बसत असे. डबा खात असे. घंटा झाली की दार लावत असे. "अगं पण का?" मास्तरांनी विचारलं, रागावून नाही, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. टोपी म्हणाली, "त्याला कोणी सांगितलंच नव्हतं." "काय सांगितलं नव्हतं?" "की हे प्रयोगासाठी आहे म्हणून. त्याला वाटणार ना, आपलं काय चुकलं." वर्ग पुन्हा हसला. मास्तर हसले नाहीत. ते तिच्या बाकापाशी टेकले आणि तिला नीट समजावलं, की झाडाला मेंदू नसतो, मेंदू नसला की वाटणंही नसतं, तेव्हा त्याला वाईट वाटत नाही, बाळ. टोपीने नाक पुसलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तुम्हाला कसं कळलं?" घंटा झाली. तास संपला. तिला उत्तर दिलं होतं का नव्हतं, ते त्यांना आठवेना. त्यांना फक्त कपाटाचं दार आठवे, आणि दाराशी बसून डबा खाणारी टोपी, जी त्यांनी प्रत्यक्षात कधीच पाहिली नव्हती.

डॉक्टरांनी बोलावलं ते त्याच आठवड्यात. जुनी औषधं मास्तरांना सोसत नव्हती, हे आधीच दिसून आलं होतं. पोटात काही ठरत नव्हतं, वजन उतरत होतं. आता राहिलं ते नवं औषध, पण ते अजून बाजारात नव्हतं. माणसांवर त्याची चाचणी सुरू होत होती. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी, तशाच चवीची रिकामी गोळी. कोणाला काय मिळालं ते त्यांना कळणार नाही, डॉक्टरांनाही नाही. "विचार करून सांगा," डॉक्टर म्हणाले. "घाई नाही." पण ते बोलताना मास्तरांच्या तोंडाकडे न बघता छातीच्या फोटोकडे बघत होते, आणि फोटोत घाई होती. घरी आल्यावर बायकोने आधी चपला जाग्यावर ठेवल्या. दार लावलं आणि मग म्हणाली, "दुधाची तहान ताकावर भागवतात असं ऐकलं होतं. इथे नुसता पेला देतायत! आणि तोही हसून." "निम्म्यांना दूध आहे." "आणि तुमच्या त्या तुकड्यांना? त्यांना मिळतंय ना रोज? त्यांना गुण येतोय ना? काखेत कळसा आणि आपण गावाला वळसा घालतोय." ती पाणी प्यायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. नळ चालू होता. मास्तरांना माहीत होतं, इतकं पाणी कोणी पीत नाही. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा धुतलेला होता. "त्या मुलीला सांगा," ती म्हणाली. "तुमच्यावर जीव आहे तिचा. वरच्या ओळीला देते त्यातलं थोडं तुम्हालाही देईल. कोणाला कळतंय?" "मला कळेल," मास्तर म्हणाले. "मग तुम्ही डोळे मिटा," बायको म्हणाली. "मी पाजेन."

ते बोलणं तिथे संपलं नाही. घरात ते एखाद्या पाहुण्यासारखं राहायला आलं, जेवायला बसू लागलं. मास्तर तोंडाने नाही म्हणत आणि मनात प्रयोगशाळेतल्या औषधाची बाटली बघत. त्यांनी तिचा रंगही ठरवून टाकला होता. चाचणीत गेलो आणि रिकामी गोळी मिळाली, तर जे औषध आपल्याच मांसावर चालतं हे आपण डोळ्यांनी पाहिलं, ते नसल्यामुळे आपण मरू. नाही गेलो तर मरूच. आणि बाईकडे मागितलं तर? त्यांनी मनातल्या मनात कितीदा तरी मागितलं. प्रत्येक वेळी बाई पेन्सिल काढून परत खोचे आणि तिचं उत्तर यायच्या आत त्यांना खालची ओळ दिसे. तिथले खांब आता किती झुकले असतील? आता त्यांना खोकला आला की तो आपला नसून खालून वर आलेला वाटे. शेवटी त्यांनी डॉक्टरांना हो सांगितलं. का सांगितलं ते बायकोला नीट सांगता येईना, एवढंच म्हणाले, "मी मुलांना शिकवलंय गं. आता माझी पाळी आली म्हणून कपाट मोडू?" दवाखान्यातून आणलेली गोळ्यांची डबी तिने कपाटात ठेवली, आणि कपाटाचं दार नीट लागलंय की नाही ते दोनदा बघितलं. सकाळी मास्तरांना ते दार बोटभर उघडं दिसलं. त्यांनी लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडं होतं. त्यांनी विचारलं नाही.

पुढच्या वेळी प्रयोगशाळेत ती बरोबर आली. "बघू तरी," म्हणाली, "माझ्या नवऱ्याचं दुसरं बिऱ्हाड." खाली लिफ्टवर बंद असल्याची पाटी होती, म्हणून ते जिन्याने चढले, सावकाश, प्रत्येक वळणावर खिडकीतून बघण्यासारखं काही नसताना ते बघत. बाईने दोघांच्या बुटांवर पिशव्या चढवल्या. बायको सरळ मुद्द्यावर आली. "हे बघ बाळ, ते मागणार नाहीत, मी मागते. त्यातलं एवढंसं त्यांनाही दे." बाई लाल झाली. "काकू, ह्या पट्ट्याला यकृत नसतं. मूत्रपिंड नसतं, हृदय नसतं. ह्याला औषध चाललं म्हणून अख्ख्या माणसाला चालेल असं नसतं. काकांना हे सगळं आहे." "हृदय आहे हो," बायको म्हणाली, "कधी वापरलं नाही एवढंच." आणि मग हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. बाईने तिला खुर्ची दिली. पेटीचा बारीक आवाज येत होता, लांब कोणी गुणगुणत असावं तसा. "दाखव," शेवटी बायको म्हणाली. बाईने तबकडी आणली, मशीन थांबवलं. खालच्या ओळीतले बाकीचे सुटून गेले होते, एकच राहिला होता. त्याचे खांब इतके झुकले होते की त्यांची टोकं जवळजवळ टेकली होती, आणि मधला पट्टा बारीक, दोरीसारखा ताठ झाला होता. मास्तरांना नळाला बांधलेली ती दोरी आठवली. मशीन बंद होतं; काही लांबत नव्हतं, आखडत नव्हतं. त्यांनी नकळत श्वास धरला. सोडला. पडद्यावरचा पट्टा हलला. एकदाच, झोपेत कोणी कूस बदलावी तसा. "मशीन चालू केलंस?" "नाही, काका." बाई पडद्याकडे बघत होती. "लिफ्ट असेल. खाली लिफ्ट थांबली की टेबल हलतं." मागून बायकोचा आवाज आला, अगदी साधा, भाजीचा भाव सांगावा तसा. "लिफ्ट बंद आहे. आम्ही जिन्याने आलो." बाईने तिच्याकडे बघितलं, मग मास्तरांकडे. "मग रस्त्यावरून जड गाडी गेली असेल," ती म्हणाली, पण तिने पेन्सिल काढली ती पुन्हा खोचली नाही.

मास्तर म्हणाले, "मला त्याच्याशी जरा बोलायचंय." बाईला वाटलं ते थट्टा करतायत. बायकोला तसं वाटलं नाही. ती उठली आणि आपली खुर्ची पडद्यासमोर ओढली. मास्तर बसले. वर्गात धाकट्या मुलांशी बोलायचं असलं की ते असेच खुर्ची ओढून बसत, म्हणजे डोळे एका पातळीवर येतात. बोलायला त्यांना वाक्यागणिक थांबावं लागत होतं, पण ती सवय जुनी होती. चांगला शिक्षक वाक्यागणिक थांबतोच. "हे बघ," ते म्हणाले. "तू खालच्या ओळीत आहेस. तुझं काही चुकलेलं नाही. तुझ्या वर एक ओळ आहे. त्यांना औषध देतात. तुला देत नाहीत. तुला दिलं असतं, तर कोणाला कळलंच नसतं की औषधाने गुण येतो की आपोआप. तू असा झुकलास, म्हणून ते सरळ उभे आहेत हे दिसलं. तू नसतास तर ते नुसते उभे असते." ते थांबले. बाई भिंतीला टेकून उभी होती. "आता माझं ऐक. मलाही एक डबी दिली आहे. तीत औषध आहे की काहीच नाही, मला ठाऊक नाही. तुझी ओळ मला माहीत आहे, माझी नाही. पण मला निदान सांगितलंय. विचारलंय. मी हो म्हटलंय. तुला कोणी सांगितलं नव्हतं. ते सांगायचं काम माझं होतं, कारण तू माझा आहेस. म्हणून आलो. ओढून ओढून दमला असशील. आता पुरे झालं तरी चालेल. जे कळायचं होतं ते कळलं." बायकोचा हात त्यांच्या खांद्यावर आला होता. तो जड होता.

मग मास्तरांनी, शिकवून झालं की विचारत तसं, विचारलं, "समजलं?"

आणि ते थांबले. हा प्रश्न विचारल्यावर ते नेहमीच बराच वेळ थांबत. हुशार मुलं लगेच माना डोलावतात, त्यांच्यासाठी थांबायचं नसतं. थांबायचं ते मागच्या बाकासाठी, तिथे प्रश्न पोचायला वेळ लागतो. पडद्यावर काही हललं नाही. पेटी गुणगुणत होती. आणि मास्तरांच्या छातीत, डाव्या कुशीत, कोणीतरी हळूच बोट वर केलं.